चारशे बाराची किडनी

ताई रोज दोनदा अंघोळ करायची. पहिली घरी, माणसांत वावरण्यासाठी. दुसरी संस्थेच्या दारात, डुकरांत वावरण्यासाठी, आणि ती जास्त कडक. अंगठी, कानातलं, केसातली पिन, सगळं बाहेरच्या कपाटात ठेवायचं. सात मिनिटं फवाऱ्याखाली उभं राहायचं, केस धुवायचे, नखं ब्रशने घासायची आणि पलीकडच्या दारातून संस्थेचे पांढरे कपडे, पांढरे बूट चढवून आत शिरायचं. अठरा वर्षं तिने हे केलं. तेवढ्या काळात तिचे केस निम्मे झाले आणि हातांची कातडी जुन्या धुवट कापडासारखी पातळ झाली. "आमच्याकडे उलटा कारभार," ती सांगायची. "डुकरं स्वच्छ आणि बाई घाण."

ही डुकरं खाण्यासाठी नव्हती. त्यांच्या जनुकांत दहा ठिकाणी फेरफार केलेले होते. काही जनुकं बंद केलेली, काही माणसाची आत घातलेली, आणि एक फेरफार असा की जनावर फार वाढूच नये, नाहीतर त्याची किडनी माणसाच्या पोटात मावायची नाही. प्रकल्पाच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंनी, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, हे ताईला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं होतं. ताईचं शिक्षण बेताचं, पण डोकं तल्लख. तिने एकच विचारलं, "डुकराला कळतं का, आपण थोडे माणूस आहोत ते?" बाई हसल्या. नाही म्हणाल्या.

पिलं आईच्या पोटातून कापून काढायची, आईचा श्वाससुद्धा लागू द्यायचा नाही, कारण आईचे रोग पिलांना लागतात. मग आईचं सगळं करायला ताई. दर तीन तासांनी बाटली, अंगाखाली गरम गादी, पोट मोकळं व्हावं म्हणून ओल्या बोळ्याने पुसणं. ती टाळ्याला जीभ लावून टक् टक् असा आवाज काढायची आणि पिलं तिच्या बुटांवर येऊन पडायची. त्यांना नावं द्यायला मनाई होती. कानात बिल्ला आणि बिल्ल्यावर आकडा. ताईने नियम पाळला, पण आकडासुद्धा लाडाने घेता येतो. "चारशे नऊ, लबाडा, दुसऱ्याची बाटली सोड."

दहा जन्मली तर चार उभी राहायची. बाकीच्यांचे पुढचे पाय आत वळलेले असायचे, कुणाची जीभ तोंडात मावत नसायची, कुणाचं काळीज दोन दिवस धडपडून थांबायचं. ती पिशवीत घालून, चिठ्ठी लावून, ताईच फ्रीजरमध्ये ठेवायची. पाहुणे यायचे ते काचेपलीकडच्या गॅलरीतून, आणि त्यांना दिसायची ती उभी राहिलेली चार.

घरी तिचा धाकटा भाऊ आणि त्याची मुलगी. भाऊ किल्ल्या करायचा. बाजारपेठेत दोन दुकानांच्या मधल्या फटीत त्याचा गाळा होता, एक माणूस आडवा उभा राहील एवढा, आणि सगळा बाजार त्याला किल्लीवालाच म्हणायचा. बोलायला मोठा मिश्किल. मुलगी सात वर्षांची असताना बायको दुसऱ्याबरोबर निघून गेली, तेव्हाही हा म्हणाला, "गावातली सगळी कुलपं उघडली मी. घरातलं तेवढं राहिलं." ताईचा नवरा तोवर वारला होता. ती आपलं सामान घेऊन भावाकडे राहायला आली आणि भाचीला तिने वाढवलं. वेण्या, शाळा, पहिली पाळी, सगळं आत्यानेच केलं.

या घराण्याचा एक रोग होता. किडनीत पाण्याचे फोड होतात, ते वर्षानुवर्षं मोठे होत जातात आणि शेवटी किडनीत फोडांशिवाय काही उरत नाही. त्यांचे वडील त्यानेच अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले. आईबापांपैकी एकाला असला, तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी. भावाबहिणीची तपासणी झाली तेव्हा दोघांनाही निघाला. किल्लीवाला डॉक्टरांना म्हणाला, "निम्मी म्हणता, आणि दोघांनाही? आमच्या घरात नाण्याला एकच बाजू दिसते."

ताईचा रोग सावकाश चालला होता, त्याचा धावत. बेचाळिसाव्या वर्षी तो डायलिसिसवर गेला. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास, हातात जाड सुया. सगळ्यात वाईट म्हणजे पाणी. लघवी होत नाही, म्हणून दिवसाला जेमतेम तीन पेले, औषधं आणि चहा धरून. उन्हाळ्यात तो बर्फाचा तुकडा तोंडात धरून किल्ल्या घासायचा. गिऱ्हाईक समोर उभं राहून बाटलीने घटाघटा पाणी प्यायलं, तर त्याच्या गळ्याची घाटी खालीवर व्हायची. ताईने ते एकदा पाहिलं आणि त्यानंतर घरात त्याच्यासमोर पाणी प्यायली नाही.

ताई स्वतः रोगी, तिची किडनी चालणार नव्हती. मुलगी विशीची झाली होती, पण तिची तपासणीच करू द्यायला तो तयार नव्हता. "कळून काय करायचंय? पोरीला झोप येते ना? येऊ दे." माणसाच्या किडनीसाठी रांग होती, आणि त्या रांगेतले लोक नंबर येण्याआधीच रांग सोडत होते, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं.

तीन वर्षांनी मोठ्या बाईंनी ताईला केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली. अठरा वर्षांत पहिल्यांदाच.

"माणसावर करायची परवानगी मिळालीय," त्या म्हणाल्या. "पहिला रुग्ण ठरवायचाय. तुमच्या भावाचा अर्ज आलाय, कागदं जुळतायत. पण प्रत्यक्ष वेळ आल्यावर ते घाबरतील. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील."

"तो माझंच ऐकतो, बाई," ताई म्हणाली. "म्हणूनच सांगायची भीती वाटते."

"मी जबरदस्ती करत नाही."

"कुठलं जनावर घेणार?"

बाईंनी कागद पाहिला. "चारशे बारा."

चारशे बारा ही डुकरीण ताईच्या नीट लक्षात होती. आठ दिवसांची असताना ती दोन दिवस शिंकत होती, अंग कोमट लागत होतं, बाटली सोडून दिली होती. ताईने नोंदवहीत लिहिलं होतं: 'चारशे बारा शिंकते, अंग गरम.' तिसऱ्या दिवशी पिलू टुणटुणीत झालं. नाकातला नमुना तपासला, काही निघालं नाही. तिने हे बाईंना सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, उडवून लावलं नाही. फाइल काढली आणि एकापुढे एक तीन अहवाल टेबलावर ठेवले. तिन्ही स्वच्छ.

"तुमची काळजी योग्य आहे," त्या म्हणाल्या. "पण याहून स्वच्छ जनावर आपल्याकडे नाही."

घरी भावासमोर बेचाळीस पानांचं संमतीपत्र होतं. भाचीने मोठ्याने वाचलं. जगला तर आयुष्यभर तपासण्या. मध्येच बाहेर पडता येणार नाही. घरातल्यांचंही रक्त घेतलं जाईल, कारण जनावरातलं काही माणसांत शिरलं तर ते पसरू शकतं. मूल होऊ द्यायचं नाही. मृत्यू झाल्यास शरीर संस्थेच्या नियमाप्रमाणे.

"आयुष्यभर म्हणजे किती दिवस, ते मात्र लिहिलं नाही यांनी," किल्लीवाला म्हणाला. मग कागद बाजूला सारून ताईकडे वळला. "तू त्यांना दूध पाजलंयस. तू सांग. घेऊ का?"

ताईसमोर फ्रीजरमधल्या पिशव्या आल्या. चारशे बाराची शिंक आली. आणि बर्फाच्या तुकड्याने पांढरे पडलेले भावाचे ओठ तर समोरच होते.

"चांगलं जनावर आहे ते," ती म्हणाली. "शांत आहे."

"मग झालं तर. आमच्या खानदानात कुणीतरी शांत येऊ दे."

शिंकेचं तिने सांगितलं नाही. तीन अहवाल स्वच्छ होते, सांगून त्याचा धीर कशाला खचवा, असा विचार तिने केला. हा विचार तिने पुढे हजारदा उलटसुलट करून पाहिला.

चारशे बाराला शेवटचं न्यायला ताईच आत गेली. टक् टक् केल्यावर डुकरीण उठून तिच्या मागोमाग निघाली, रॅम्पवरून, दारातून, थेट टेबलापर्यंत. भुलीचं औषध टोचेपर्यंत ताईचा हात तिच्या कानामागे होता.

शस्त्रक्रिया सहा तास चालली. किडनी जोडल्यावर फिक्कट होती. रक्त सोडलं तशी गुलाबी झाली आणि टेबलावरच तिच्यातून लघवी ठिबकू लागली. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. तिसऱ्या दिवशी ताई आणि भाची काचेबाहेर उभ्या होत्या. आत किल्लीवाला उशीला टेकून बसला होता. नर्सने त्याच्या हातात पाण्याचा पेला दिला, काठोकाठ भरलेला. त्याने तो दोन्ही हातांनी धरला, काचेकडे पाहून उंचावला आणि एका दमात संपवला. हनुवटीवरून ओघळ गेला. मग दुसरा मागितला. फोन कानाला लावून म्हणाला, "ताई, हे फुकट मिळतं आणि लोक वर सरबत मागतात!" भाची हसता हसता काचेला डोकं टेकून रडायला लागली.

शस्त्रक्रियेपासूनचे पन्नास दिवस त्या घराने कधी नव्हे ते सुख पाहिलं. वर्तमानपत्रात फोटो आले. तोंडावर मास्क लावून तो घरी परतला, दोन वेळा गाळ्यावर जाऊन बसला. लघवीला जायचा ते सगळ्यांना सांगून. "चाललो बरं का, कार्यक्रम आहे." बाजारातले पोट धरून हसायचे. ताईला म्हणायचा, "तुझ्या पिलांतलंच एक समज मला. जीभ वाजव, येतो बघ कसा." तिने वाजवली नाही. त्याला वाटलं, लाजली.

एक्कावन्नाव्या दिवशी त्याला ताप भरला. आधी साधाच वाटला. मग लघवी कमी झाली, नंतर गढूळ, मग थांबली. रुग्णालयात दर तासाला रक्त काढू लागले. शरीराने किडनी नाकारली असं समजून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आणखी वाढवली. नंतर कळलं की तेच चुकलं, कारण किडनी नाकारली गेलीच नव्हती. तिच्यातच एक विषाणू होता, डुकरांचा. जनावराच्या पेशींत दडून बसणारा, नाकातल्या नमुन्यात कधीच न सापडणारा. कापून काढण्याआधी, पोटात असतानाच आईकडून आलेला. आणि त्याची पिलात दिसलेली खूण एकच, आठव्या दिवशीची दोन दिवसांची शिंक.

अठ्ठावन्नाव्या दिवशी किडनी काढून टाकली. पण औषधांनी शरीर एवढं उघडं पडलं होतं, की छातीत साधा संसर्ग झाला तो हटेना. शेवटच्या आठवड्यात ताईला आत सोडलं, डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिकमध्ये गुंडाळून. तो पुन्हा मशीनवर होता. ओठ पुन्हा पांढरे.

तेव्हा तिने सांगितलं. शिंकेचं सगळं, अगदी नोंदवहीतल्या ओळीसकट.

तो म्हणाला, "आधी सांगितलं असतंस तरी घेतली असती मी." थोड्या वेळाने डोळे मिटून म्हणाला, "पण सांगायला हवं होतंस गं."

या दोन्ही वाक्यांतलं कुठलं खरं धरावं, हे तिला कधी ठरवता आलं नाही. एकाहत्तराव्या दिवशी तो गेला. शरीर दुहेरी पिशवीत बंद करून संस्थेच्या गाडीतून नेलं. तोंड पाहायला मिळालं नाही. भाचीने पिशवीवरून कपाळ कुठे असेल त्याचा अंदाज घेऊन हात ठेवला, आणि तिथे खांदा होता.

मोठ्या बाई घरी आल्या. चहाला हात लावला नाही. म्हणाल्या, "तुम्ही मला सांगितलं होतंत. मी अहवालांवर विश्वास ठेवला. हे मी लिहून दिलंय, लपवलं नाही." ते खरं होतं. नंतर निघालेल्या शोधनिबंधात 'देखभाल करणाऱ्या व्यक्तीने सौम्य शिंका नोंदवल्या होत्या' असं एक वाक्य होतं. भाचीने ते आत्याला वाचून दाखवलं. निघताना बाई म्हणाल्या, "तुमच्या भावाने आम्हाला खूप शिकवलं. पुढचे लोक त्यामुळे वाचतील."

"त्याला शिकवायचं नव्हतं, बाई," ताई म्हणाली. "त्याला पाणी प्यायचं होतं."

बाई दारात थांबल्या. चपला घालताना त्यांचा तोल गेला आणि त्यांनी ताईचाच हात धरला.

त्या वंशातली सगळी जनावरं मारायचं ठरलं. एकूण त्रेसष्ट. ती दुसऱ्या कुणाकडे सुखासुखी येत नव्हती, घाबरून भिंतींवर धडका मारायची, म्हणून ताईला विचारलं. नाही म्हणण्याचा हक्क तुम्हाला आहे, असंही सांगितलं. ती गेली. नाही म्हटलं असतं तरी ती जनावरं मरणारच होती, फक्त किंचाळत. दोन दिवस ती दारात उभी राहून जीभ वाजवत होती आणि एकेक जनावर तिच्या बुटांपाशी येऊन कान खाजवून घ्यायला मान वाकडी करत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या तोंडाला इतकी कोरड पडली, की आवाज निघेना. तरी जनावरं येत राहिली. आवाजाची त्यांना गरजच नव्हती. तिला बघूनच यायची.

त्यानंतर तिचं आत जायला मन होईना आणि नियमानेही बंदी आली. तिला धुलाईखान्यात पाठवलं. दर महिन्याला तिचं आणि भाचीचं रक्त काढून नेत.

भाची आता गाळा सांभाळत होती. वर्षभराने तिने कुणाला न सांगता स्वतःची तपासणी करून घेतली. कागद आत्याच्या पुढ्यात ठेवला. नाण्याची बाजू तीच होती. एक मुलगा तिला विचारत होता, चांगला होता. त्याला तिने नको म्हणून सांगितलं. मोठ्या बाईंनी सुचवलं, गर्भातच जनुक दुरुस्त करण्याचं तंत्र येतंय, मूल निरोगी होऊ शकेल. भाची म्हणाली, "दहातली चार उभी राहतात म्हणे. उरलेल्या सहांचं काय करणार? चिठ्ठी लावणार?"

त्रेपन्नाव्या वर्षी ताईच्या किडन्यांनी हात टेकले. तीही भावासारखी आठवड्यातून तीनदा खुर्चीत बसू लागली. आणि मग संस्थेचं पत्र आलं. नवा वंश, नवी तपासणी, तो विषाणू आता सापडतो. दुसऱ्या फेरीत तुमचं नाव घालायचं का?

"कानाला खडा," ताई म्हणाली आणि पत्र फाडायला घेतलं.

भाचीने ते हातातून काढून घेतलं. ती कधी आवाज चढवत नसे. "तुझं झालं गं आत्या. तुझी त्रेपन्न झाली. माझं काय? कुणीतरी आधी गेल्याशिवाय माझ्यापर्यंत धड काही येणार कसं? बाबा गेले तेव्हा निदान एक विषाणू तरी कळला."

बोलून होताच तिने तोंडावर हात ठेवला. "मला तसं म्हणायचं नव्हतं."

"तुला तसंच म्हणायचं होतं," ताई म्हणाली. "आणि ते बरोबर आहे. म्हणूनच ऐकवत नाही."

दोन दिवस दोघी कामापुरतं बोलल्या. तिसऱ्या दिवशी ताईने बेचाळीसच्या बेचाळीस पानांवर सह्या केल्या. आपण बरं होऊ असं तिला क्षणभरही वाटलं नाही. आपल्या पोटात काय काय बिघडतं ते कुणीतरी लिहून ठेवेल आणि ते पोरीच्या कामी येईल, एवढाच तिचा हिशेब. अठरा वर्षं जनावरांना ती ज्या दारातून पुढे नेत होती, त्या दारात आता स्वतः उभं राहायचं, आणि या खेपेस कुणी फसवलेलं नाही, असं ती स्वतःला समजावत होती.

पण तेही झालं नाही. तिचा नंबर लागण्याआधी दुसऱ्या एका शहरात अशीच किडनी बसवलेल्या दोन रुग्णांचं बिनसलं, एकाचं नऊ दिवसांत. सरकारने परवानगी थांबवली, पैसा देणाऱ्यांनी हात काढून घेतला. मोठ्या बाई परदेशी निघून गेल्या. नव्या वंशाची डुकरं कुणाच्याच उपयोगी पडायच्या आधी मारली. ती कुणी मारली, कशी मारली, ताईने विचारलं नाही. इमारतीत आता औषधांच्या खोक्यांचं गोदाम आहे. रक्त न्यायला येणारा माणूस एका महिन्यात आला नाही, पुढच्याही आला नाही. संस्थेचा फोन लागत नाही. आपल्या अंगात काही शिरलंय की नाही, हे आता कोण बघणार, असं भाचीने एकदा विचारलं.

ताई अजून मशीनवर जाते. सोमवार, बुधवार, शुक्रवार. दिवसाला तीन पेले. सुईला आता नस सापडत नाही, नर्सला चार-पाच ठिकाणी टोचावं लागतं. भाची दुपारी गाळा बंद करून तिला न्यायला येते. तिच्या किडनीतले फोड दर तपासणीत थोडे मोठे झालेले असतात. तिचं वय सव्वीस. डॉक्टर म्हणतात, पंधरा वर्षं निघतील, नशीब असेल तर वीस. बाजारात कुणी विचारलं तर ती म्हणते, तोवर काहीतरी निघेल की. आत्यासमोर मात्र ती हे कधी बोलत नाही.